इजाजत कोणाची?

काही वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत आम्ही बीबीचा मकबरा पाहायला गेलो होतो. तिथे एका परदेशी प्रवाशाने कॅमेरा दाखवून मुलींचे फोटो काढू का, असे मला विचारले. पाहुणा माणूस, विचारण्याची रीतही सभ्य. मी लगेच हो म्हटले. परतताना बसमध्ये सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, आपने हाँ बोल दिया. मेरेकू पूछे क्या?’’ मला उत्तर देता आले नाही.

इतिहास शिकवणारा माणूस अशा वेळी इतिहासाकडेच वळतो. मला शरबत गुला आठवली.

डिसेंबर १९७९ मध्ये सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि लाखो अफगाणी सरहद्द ओलांडून पाकिस्तानात आले. पेशावरजवळच्या नासिर बाग निर्वासित छावणीत १९८४ साली स्टीव्ह मॅकरी हा अमेरिकन छायाचित्रकार फिरत होता. तंबूत मुलींची शाळा भरली होती. त्याने फोटोसाठी परवानगी मागितली ती शिक्षिकेकडे. तिने दिली. सुमारे बारा वर्षांच्या एका पश्तून मुलीचा फोटो निघाला. तिचे नाव त्याने लिहून घेतले नाही.

जून १९८५ मध्ये हा फोटो ‘नॅशनल जिओग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला. फाटकी ओढणी आणि ते हिरवे डोळे जगाने पाहिले. त्या डोळ्यांत लोकांनी युद्धाची दहशत वाचली. मुलगी मात्र ‘अफगाण गर्ल’ एवढ्याच नावाने ओळखली जात राहिली.

जानेवारी २००२ मध्ये मॅकरी आणि त्याचे सहकारी तिला शोधत पुन्हा आले. बुबुळांच्या तपासणीवरून ओळख पटली. ती आता लेकुरवाळी, पडद्यात राहणारी स्त्री होती. सतरा वर्षे जगभर फिरलेला आपला फोटो तिने तोवर पाहिलेलाही नव्हता. त्या दिवसाची आठवण विचारल्यावर तिने सांगितले, की तिला राग आला होता. एक परका माणूस आपला फोटो काढतो, याचा राग! जगाने ज्याला भीती म्हटले, त्यात एका मुलीची नाराजीही होती. तिला विचारल्याखेरीज ती कळणार कशी?

पुढे हा चेहरा तिला महागात पडला. लाखो अफगाणींप्रमाणे तीही पाकिस्तानात राहत होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये खोट्या ओळखपत्राच्या आरोपावरून तिला अटक झाली. पंधरा दिवसांची कैद आणि १ लाख १० हजार रुपये दंड झाला, नंतर तिची मायदेशी रवानगी झाली. तिथे सरकारने २०१७ मध्ये तिला घर दिले. २०२१ मध्ये तालिबान परतल्यावर तिला इटलीत आसरा घ्यावा लागला. त्या फोटोने फायद्यापेक्षा त्रासच जास्त दिला, असे तिने स्वतःच सांगितले आहे.

न्यायाने बोलायचे तर दुसरी बाजूही आहे. त्या फोटोमुळे अफगाण निर्वासितांचे हाल जगाला दिसले. २००२ नंतर त्याच मासिकाने अफगाण मुलींच्या शिक्षणासाठी निधी उभारला. पण चांगले काम निघाले म्हणून न विचारण्याची चूक पुसली जात नाही.

ही सवय जुनी आहे. १८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हे आठ खंड काढले. त्यांत ४६८ छायाचित्रे होती. त्यांतली अनेक माणसे नावाने नव्हे, तर जात-जमातीचा नमुना म्हणून छापली गेली. राज्य करणाऱ्याने रयतेची इजाजत मागावी, असे कोणाच्या मनातही आले नसेल.

आता राज्यकर्ते गेले, पण कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आला. आपणही सफरीला जातो, अजमेरला, काश्मीरला, हजला. फकीर, कोळीण, मेंढपाळाचे पोर दिसले की मोबाईल काढतो. दोष फक्त गोऱ्या पाहुण्याला कसा द्यावा?

नासिर बागच्या त्या शिक्षिकेच्या जागी मी उभा होतो. तिने हो म्हटले, मीही हो म्हटले. दोघांनीही जे आपले नव्हते, ते देऊन टाकले. पुढच्या सहलीत कोणी विचारले, तर मी एवढेच म्हणेन, ‘‘मला नको, त्यांना विचारा.’’ आणि एखादीने ‘नाही’ म्हटले, तर तिच्या बाजूने उभा राहीन.