वैद्यकीय व्यावसायिक गैरवर्तन

डॉक्टरने व्यवसायाच्या आचारसंहितेचा केलेला भंग. भारतात त्याचे निकष मुख्यतः भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत आहेत. खोटे दाखले, गर्भलिंगनिदान, संमतीविना शस्त्रक्रिया, रुग्णाची गुपिते उघड करणे हे त्यातले काही प्रकार. मात्र ही यादी परिपूर्ण नाही, असे विनियमच सांगतात. रुग्णाच्या सर्वाधिक उपयोगाची तरतूद दिसायला साधी आहे. दाखल रुग्णाचे केसपेपर उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायचे आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने मागितल्यास ७२ तासांत द्यायचे. ते हाती नसतील, तर तक्रार सिद्ध करणे अवघड जाते.

निष्काळजीपणाचा फौजदारी खटला वेगळा. तिथे चूक ढोबळ स्वरूपाची असावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) ठरवले.

तक्रारीची सुनावणी राज्य परिषद करते. महाराष्ट्रात ती १९६५ च्या कायद्याखालील महाराष्ट्र वैद्यक परिषद. ताकीद देण्यापासून नोंदवहीतून नाव काढण्यापर्यंत तिचे अधिकार आहेत. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३० मध्ये परिषदेविरुद्ध अपिलाची वाट डॉक्टरलाच दिली आहे, रुग्णाचा उल्लेख नाही. ही उणीव गंभीर आहे. आयोगाचे २०२३ चे नवे विनियम जारी झाले त्याच महिन्यात स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू झाले.