सामूहिक मनोजन्य आजार

निकट सहवासातील गटात, पुरेसे शारीरिक कारण न सापडता, सारखीच लक्षणे झपाट्याने पसरण्याची अवस्था. ‘मास हिस्टेरिया’ व ‘सामूहिक उन्माद’ ही तिची रूढ नावे. शाळा, वसतिगृहे व कारखान्यांत ती अधिक आढळते. कुमारवयीन मुलींत प्रमाण जास्त असते. रुग्ण सोंग करीत नसतात. त्यांना होणारा त्रास खरा असतो.

प्रकार व कारणे : ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ सायमन वेस्ली यांनी १९८७ मध्ये दोन प्रकार मांडले. पहिल्यात भोवळ, मळमळ, धाप ही लक्षणे अचानक येतात व लवकर ओसरतात. दुसऱ्यात झटके, थरथर, हातवारे दिसतात. तो साचलेल्या ताणातून हळूहळू उद्भवतो व लांबतो. भीतीने श्वास जलद झाला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, बोटांना मुंग्या येतात, हात आखडतात. ते पाहून शेजारची मुलेही घाबरतात. बघ्यांची गर्दी व मोबाइलवर फिरणारी चित्रफीत यांमुळे लागण वाढते.

उदाहरणे : १९६२ मध्ये टांगानिका (आताचा टांझानिया) येथील काशाशाच्या निवासी शाळेत अनावर हसण्यारडण्याची साथ पसरली व शाळा बंद करावी लागली. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या गोवंडीत एका विद्यार्थिनीच्या मृत्यूचा संबंध शाळेत दिलेल्या लोहाच्या गोळ्यांशी जोडला गेला. त्या भीतीने शेकडो मुलांना रुग्णालयात नेण्यात आले. बहुतेकांना तपासून घरी सोडण्यात आले. मराठवाडा आणि बीदर-गुलबर्गा भागात अनेक स्त्रिया एकाच वेळी कुत्र्यासारख्या भुंकू लागण्याच्या प्रकारांना लोक ‘भानामती’ म्हणत. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर (१९४५–२०१३) यांनी १९८९ मध्ये स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने भानामतीमागची मानसिक कारणे लोकांपुढे मांडली.

निदान व उपाय : विषबाधा, दूषित पाणी, वायुगळती व संसर्ग यांची तपासणी आधी करावी, त्याशिवाय मनोजन्य निदान करू नये. त्रास होणाऱ्यांना शांत जागी वेगवेगळे बसवावे, श्वास संथ करण्यास मदत करावी आणि तपासणीचे निष्कर्ष पालकांना स्पष्ट सांगावेत. माण तालुक्यातील म्हसवडसारख्या गावात शाळेतली बातमी वाड्या-वस्त्यांवर लगेच पोहोचते. म्हणून मुख्याध्यापक व सरकारी डॉक्टर यांनी एकत्रितपणे माहिती देणे हिताचे ठरते. मुलींची नावे व चित्रफिती पसरवू नयेत. ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषाकडे नेल्याने उपचार लांबतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, साखळीने बांधणे किंवा मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. लक्षणे ओसरल्यावरही परीक्षेचा धाक, घरातील कलह, छळ यांविषयी मुलांना विश्वासाने बोलू द्यावे. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते.