पंतोजीची शाळा व कित्त्यांचीं पानें

जुनीं दप्तरें चाळणारांच्या हातीं सनदा, महजर व इनामपत्रें यांच्या जोडीनें एक निराळ्या जातीचा कागद नेहमीं येतो. त्यावर मिति नसते, शिक्का नसतो. एकच ओळ दहा-बारा वेळां लिहिलेली असते आणि पाठीमागें पावकी-निमकीचे आंकडे मांडलेले असतात. असा कागद बहुधा एखाद्या बाडाच्या पुठ्ठ्यांत खळीनें चिकटविलेला, अथवा रुमालाच्या तळाशीं घडी करून ठेवलेला आढळतो. संग्राहक त्यास रद्दी समजतात. सुमारें चाळीस वर्षांपूर्वीं, नवशिका शिक्षक असतां, मींहि तसेंच समजलों. एका स्नेह्याच्या घरीं स्तोत्रांच्या एका बाडाची फाटकी बांधणी सोडवितांना पुठ्ठ्यांतून निघालेलीं पंधरा-वीस पानें मीं स्वहस्तें चुलीजवळच्या टोपलींत टाकिलीं. मोडी तेव्हां मला येत नव्हती, आणि शुद्ध संस्कृत पाठापुढें त्या गिरवलेल्या अक्षरांची मातबरी वाटली नाहीं. पुढें मोडीचा अभ्यास झाल्यावर ध्यानांत आलें कीं, गांवठी शाळेच्या दिनक्रमाचा समकालीन पुरावा म्हणावा तो हाच, व त्यांतला कांहीं भाग मीं जाळून टाकिला.

या शाळेविषयीं आपली माहिती मुख्यतः दोन ठिकाणांहून येते. एक, मुंबई सरकारनें १८२० ते १८३० च्या दरम्यान जिल्ह्याजिल्ह्यांतून मागविलेले अहवाल, जे पुढें रा. वि. परुळेकर यांनीं परिश्रमपूर्वक संपादून प्रसिद्ध केले. आणि दुसरी, एकोणिसाव्या शतकांतील आत्मचरित्रें. पहिल्यांत परक्या अधिकाऱ्याची दृष्टि आहे, दुसऱ्यांत प्रौढपणीं आठवलेली छडी आहे. शाळा चालू असतां शाळेंतच जें उमटलें, तें मात्र कित्त्याच्या पानांवरच राहिलें आहे.

शाळेस स्वतंत्र इमारत क्वचितच असे. देवळाची ओवरी, सधन गृहस्थाच्या वाड्याची ओसरी, धर्मशाळेचा एखादा खण, नाहीं तर पंतोजीचीच पडवी, एवढी जागा पुरे होई. शिक्षक एकच. सरकारचा त्यास नेमणुकीचा कागद नसे. मुलांचे बाप देतील तें नगद व धान्य, सणावारीं शिधा, दसऱ्यास दक्षिणा, यांवर त्याचा योगक्षेम चाले. अहवालांवरून त्याची एकंदर प्राप्ति महिना तीन ते पांच रुपयांच्या आसपास दिसते. तो वारला किंवा दुसऱ्या गांवीं गेला कीं शाळा मोडली.

अशा शाळा किती होत्या, याविषयीं मोठा वाद आहे. मुंबईच्या गव्हर्नरच्या कौन्सिलांतील प्रेंडरगास्ट यानें १८२१ मध्यें असें लिहून ठेविलें कीं, आपल्या मुलखांत शाळा नाहीं असें लहानमोठें गांव क्वचितच सांपडेल. हें वाक्य आपले अभिमानी लेखक वारंवार पुढें करितात. परंतु १८२९ च्या एकत्रित अहवालांत, गुजराथी जिल्हे धरूनहि, १,७०५ शाळा व सुमारें ३५ हजार विद्यार्थी एवढीच भरती आहे, आणि लोकसंख्या सुमारें ४७ लक्ष. म्हणजे दर शाळेंत वीस-एकवीस मुलें, व सुमारें पावणेतीन हजार माणसांमागें एक शाळा. घरगुती शिकवणी या गणतींत आली नसावी, हें परुळेकरांचें म्हणणें मला मान्य आहे. तरी तेवढ्यानें प्रेंडरगास्टचें विधान अक्षरशः खरें ठरत नाहीं. त्या वीस मुलांत मुलगी नसे, आणि महार-मांगांच्या मुलांस ओसरीची पायरीहि चढतां येत नसे. ही गोष्ट झांकून या शाळेचें गुणवर्णन करणें इतिहासास शोभणार नाहीं.

दिवस सूर्योदयाच्या सुमारास सुरू होई. मुलें येऊन जागा झाडीत, धूळपाट्या मांडीत. धूळपाटी म्हणजे लांकडी फळीवर बारीक धूळ पसरून तीवर काडीनें लिहावयाचें साधन. हात फिरविला कीं अक्षर गेलें, फळी पुन्हां कोरी. कागद महाग, म्हणून लहान मुलाच्या हातीं तो येतच नसे. हें साधन किती प्राचीन आहे याची साक्ष आमच्या गणितशास्त्राच्या नांवांतच आहे. ‘पाटीगणित’ व ‘धूलिकर्म’ हे शब्द भास्कराचार्यांच्याहि पूर्वींचे. ज्या पाटीवर ज्योतिषी ग्रहगणित करी, तीच पंतोजीच्या ओसरीवर पांच-सहा वर्षांच्या पोरापुढें होती.

त्या पाटीवरचा पहिला धडा ‘ओनामासीधं’. मूल तें अर्थ न कळतां म्हणे, आणि बहुतेक पंतोजींनाहि अर्थ ठाऊक नसे. मूळ शब्द ‘ओं नमः सिद्धम्’ असा. कांहीं पंडित यांत जैनांच्या सिद्धांस केलेलें वंदन पाहतात. दुसरे त्याचा संबंध शर्ववर्म्याच्या कातंत्र व्याकरणाशीं जोडतात, कारण त्या व्याकरणाच्या पहिल्या सूत्राचा आरंभ ‘सिद्ध’ याच शब्दानें होतो व तें सूत्र वर्णमालेविषयींचेंच आहे. कथासरित्सागरांतील कथेप्रमाणें शर्ववर्म्यानें प्रतिष्ठानच्या सातवाहन राजास सहा महिन्यांत व्याकरण शिकविलें. कथा ती कथाच; पण पैठणच्या मुलखांतल्या पोरांच्या तोंडीं तो शब्द राहावा, ही गोष्ट मनोरंजक खरी. सातव्या शतकांत आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग यानेंहि लिहिलें आहे कीं, येथील मुलें सहाव्या वर्षीं ‘सिद्धिरस्तु’ या शब्दानें आरंभ होणारी वर्णमाला शिकूं लागतात व सहा महिन्यांत ती संपवितात. तेव्हां ‘ओनामा’ हा अडाण्यांचा अपभ्रंश म्हणून हंसण्याचा विषय नव्हे.

मुळाक्षरें व बाराखड्या धुळींत पक्क्या झाल्या म्हणजे बोरू हातीं येई. पंतोजी पानाच्या माथ्यावर एक ओळ वळणदार अक्षरांत घालून देई, तो कित्ता. हा शब्द अरबी, सुलेखनाच्या नमुन्याचा वाचक. मुलानें आधीं त्या अक्षरांवरून कोरडा बोरू फिरवावयाचा, मग खालीं तशीच ओळ काढावयाची. काजळ व डिंक यांची शाई, ती टिपण्यास बारीक वाळू. कागद देशावर बहुधा जुन्नरी किंवा दौलताबादी. लिपि मोडी. पानभर आडव्या रेघा आधीं ओढून मग त्यांखालीं अक्षरें लोंबत सोडावयाचीं, ही मोडीची रीत मुलाच्या हातास येथेंच लागे. बाळबोध अक्षर श्लोक वाचण्यापुरतें येई, कधीं तेवढेंहि नाहीं. ऱ्हस्वदीर्घाचा विचार नाहीं, व्याकरण नाहीं, भूगोल नाहीं. शास्त्र्यांच्या पाठशाळेशीं या शाळेचें नातें फक्त आरंभाच्या मंगलापुरतें. ही कारकुनीची व दुकानदारीची शाळा होती, आणि तिचें मोजमाप त्याच गजानें केलें पाहिजे.

तसें केलें म्हणजे तिचें गणित पाहून मन थक्क होतें. पाढ्यांची उजळणी झाली कीं अपूर्णांकांचे पाढे सुरू होत : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. या नांवांत संस्कृत व प्राकृत यांचा किती थर सांचला आहे, तें थोडें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पादोन म्हणजे पाऊण, सपाद म्हणजे सवा. अडीच हा अर्धतृतीय, म्हणजे ‘तिसरा ज्यांत अर्धा आहे’ तो. दोन पूर्ण व तिसरा अर्धा. त्याच न्यायानें अर्धचतुर्थ म्हणजे साडेतीन. त्याचें प्राकृतांत अद्धुट्ठ झालें व मराठींत औट. संतवाङ्मयांत देहास औट हात म्हणतात तो हाच शब्द. व्यवहारांतून औट केव्हांच गेला, साडेतीन आला. पण पाढ्यानें जुनें नांव धरून ठेविलें.

हे पाढे शोभेचे नव्हते. रुपयाचे १६ आणे. धान्याच्या मापांत चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आणि वजनांत मात्र मण चाळीस शेरांचा. ज्या जगांत मापाचा मण अठ्ठेचाळीस शेर व वजनाचा चाळीस, तेथें तोंडीं हिशेब न येणारा फसलाच. रुपयास साडेतीन पायल्या जोंधळे, तर सात रुपयांचे किती, असें विचारतांच औटकी घोकलेला मुलगा ‘साडेचोवीस’ म्हणे, आणि पाठोपाठ ‘दोन मण अधोली’ असें मापांत सांगे. कागद लागत नसे. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं आलीं, मागोमाग मापेंहि बदललीं, आणि औटकीचें प्रयोजन संपलें. माझ्या वर्गांतील मुलांस मीं ती कधीं शिकविली नाहीं. शिकविली असती तर पालकांनीं तक्रारच केली असती.

दुपारीं मुलें जेवावयास घरीं जात व परत येत. एका खोलींत वीस मुलें, प्रत्येक निराळ्या पायरीवर : कोणी धुळींत ‘ग’ काढतो आहे, कोणी दिडकी घोकतो आहे, कोणी पत्राचा मायना उतरीत आहे. इयत्ता नव्हती. जो तो ज्या दिवशीं आला तेथून आपल्या चालीनें पुढें जाई, व थोरल्या मुलांनीं धाकट्यांस वळण द्यावें अशी चाल होती. मद्रासेस १७८९ पासून अनाथ मुलांच्या संस्थेवर असलेल्या अँड्र्यू बेल यानें तेथील देशी शाळेंत मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं. तें व मुलांकडून मुलांस शिकविण्याची रीत यांवर त्यानें १७९७ मध्यें लंडनांत पुस्तक छापलें, आणि इंग्लंडांत ती पद्धति ‘मद्रास पद्धति’ म्हणून गाजली. १८२६ मध्यें मुंबईहून तयार करून मराठी जिल्ह्यांत पाठविलेल्या चोवीस शिक्षकांनीं जी ‘नवी रीत’ आणिली, तींत ही पद्धतिहि होती. घरचेंच जातें फिरून विलायती म्हणून घरीं आलें.

सायंकाळीं परवचा. सगळीं मुलें ओळीनें उभीं राहत, एक थोरला मुलगा पुढें म्हणे व बाकीचे एका सुरांत मागून म्हणत. पाढे, मग तिथि-वार-नक्षत्रें, शेवटीं श्लोक. गांवांतल्या ज्या पोरास शाळेचें तोंड पाहतां आलें नाहीं, त्याच्याहि कानीं हा परवचा पडे. त्यांतून कोणी किती उचललें, याची नोंद कोणत्याहि अहवालांत यावयाची नाहीं. रविवारची सुट्टी नव्हती. अमावास्या, पौर्णिमा व सण एवढेच मोकळे. पंतोजीच्या घरचें पाणी, सरपण व शेणहि मुलांनींच आणावें असा दंडक बहुतेक ठिकाणीं होता. शिक्षांविषयीं इतकें लिहिलें गेलें आहे कीं येथें विस्तार नको. छडी, अंगठे धरविणें, कोंबडा करणें, पळपुट्यास चौघांनीं हातपाय धरून उचलून आणणें, हें सर्व खरें आहे, आणि त्याचें समर्थन मी करणार नाहीं.

या शाळेचा कठोर टीकाकार कोण असावा, तर जोतीराव फुले. त्यांनीं १८४८ मध्यें पुण्यांत मुलींची शाळा काढून पंतोजीच्या ओसरीची मर्यादाच मोडली. तथापि १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें प्राथमिक शिक्षणाची मागणी मांडतांना त्यांनीं मोडी व बाळबोध लिहिणें-वाचणें आणि हिशेब हे विषय आग्रहानें मागितले, व त्यांस शेतकी, इतिहास, भूगोल इत्यादिकांची जोड दिली. ओसरीचें दार त्यांस सर्वांकरितां उघडें हवें होतें. आंतली औटकी फेकून द्यावयाची नव्हती.

आतां संग्राहकांच्या कामाचें. शेवटल्या पायरीवर मुलास पत्रलेखन शिकवीत : वडिलांस तीर्थरूप, लहानास चिरंजीव, बरोबरीच्यास राजमान्य राजश्री, सरदारास अखंडित लक्ष्मी अलंकृत. हेमाडपंती मेस्तकांत सांगितलेली ही रीत पंतोजीच्या हातून खेड्यापर्यंत झिरपली. म्हणूनच कित्त्यांत भारी मायन्यांचीं पत्रें सांपडतात, आणि घाईचा संशोधक त्यांस खरीं ऐतिहासिक पत्रें समजून बसतो. ओळखण्याची खूण अवघड नाहीं. मायना सविस्तर व मजकूर पोकळ, चंद्र व सन यांची जागा रिकामी, नांवाच्या ठिकाणीं ‘अमुक’, पहिली ओळ एका हातची आणि खालच्या दुसऱ्या, अधिकाधिक ढासळत जाणाऱ्या, पाठीमागें पाढा. यांतील एकच खूण असेल तर निर्णय करूं नये, तीन जुळल्या तर तें पान शाळेचें समजण्यास हरकत नाहीं.

पुठ्ठा कोमट पाण्याच्या वाफेवर सैल करावा, सुरीनें खरवडूं नये. पानें ज्या क्रमानें निघतील त्या क्रमानें त्यांवर वेष्टन घालून, कोणत्या बाडाच्या कोणत्या बाजूच्या पुठ्ठ्यांतून तीं निघालीं हें वेष्टनावर शिसपेन्सिलीनें लिहावें. मीं टाकिलेल्या पानांच्या बाडाअखेर लेखनाचा शक स्वच्छ घातलेला होता. बांधणी त्याच वेळची आहे कीं मागाहूनची, एवढें शिवणीवरून पाहून ठेविलें असतें, तरी त्या अनामिक मुलांच्या अक्षरांस कालाची एक मर्यादा मिळाली असती. बाड अजून त्या घरीं आहे. शिवण मात्र मीं तेव्हांच उसवून नवी घातली होती.