परक्या जागेंतील इजेचें मोल

गेल्या पावसाळ्यांत भाईंदर येथें एका परक्या इमारतीच्या अंधाऱ्या जिन्यावरून आमच्या कुटुंबाचा पाय घसरला आणि उजव्या मनगटाचें हाड मोडलें. जिन्याची पायरी कित्येक दिवस फुटलेली होती व दिवा बंद होता, हें त्या इमारतीच्या चालकांनीं नाकारिलें नाहीं. भले गृहस्थ असल्यामुळें औषधोपचाराचा खर्च त्यांनीं आपण होऊन दिला व आम्हीं तो घेतला. त्यावर घरांतून प्रश्न आला : "अहो, डॉक्टरांचे पैसे मिळाले हें बरेंच झालें, पण दोन महिने मला साधी पोळी लाटतां आली नाहीं, तें कोणाच्या वहींत लिहावयाचें?" या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें वाचन घडलें त्यांतील कांहीं भाग वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमच्या धर्मशास्त्रास हा विषय अगदींच अपरिचित नव्हता. मनु आणि याज्ञवल्क्य या दोघांनींहि दुसऱ्यास इजा करणाऱ्यावर दोन निरनिराळे बोजे घातले आहेत. एक दंड, जो राजाकडे जावयाचा. आणि दुसरा 'समुत्थानव्यय', म्हणजे जखमी मनुष्य पुनः उठून उभा राहीपर्यंत लागणारा खर्च. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गाडीवान अकुशल असल्यामुळें गाडी मार्ग सोडून गेली व इजा झाली तर दोनशें पण दंड गाडीच्या धन्यानें भरावा, आणि गाडीवान कुशल असेल तर दंड त्यानें स्वतः भरावा, असा बारीक भेदहि मनूनें केला आहे. या शास्त्रांत दंडाचें मान मारणाऱ्याच्या व मार खाणाऱ्याच्या वर्णाप्रमाणें चढतें-उतरतें आहे, ही गोष्ट झांकून पूर्वजांची स्तुति करणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. आमच्या प्रश्नापुरतें पाहिलें तर या वचनांतील हिशेब औषधापाशीं थांबतो.

आजचा आमचा कायदा मात्र या मुळापासून वाढलेला नाहीं. तो इंग्लंडांतून आला, आणि तेथें त्याचा आरंभ फार विचित्र होता. १८०८ सालच्या एका प्रसिद्ध दाव्यांत घोडागाडी उलटून एका गृहस्थाची पत्नी जखमी झाली होती व सुमारें महिन्यानें वारली होती. लॉर्ड एलेनबरो यांनीं असा निर्णय दिला कीं, पतीस भरपाई मिळेल ती पत्नी जिवंत होती तेवढ्या दिवसांची. मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत दाद मागण्याजोगी हानि नव्हे. म्हणजे मनुष्यास लुळें करणें महाग आणि ठार मारणें स्वस्त, असा हिशेब झाला! उलट ज्या वस्तूनें मृत्यु घडला ती वस्तु किंवा तिच्यावर बसविलेली रक्कम राजाकडे जमा करण्याची जुनी चाल तेथें होती. १८४१ सालीं सॉनिंग येथें आगगाडीस अपघात होऊन उतारू मेले, तेव्हां पंचांनीं एंजिन व डबे यांवर एक हजार पौंडांची आकारणी केली. मोल बांधलें गेलें तें एंजिनाचें. मेलेल्यांच्या बायकामुलांस त्यांत वांटा नव्हता.

१८४६ सालीं ही चाल रद्द झाली, आणि त्याच वर्षीं लॉर्ड कँबेल यांच्या कायद्यानें मृताच्या कुटुंबास भरपाई मागण्याचा हक्क मिळाला. आमच्याकडे १८५३ च्या एप्रिलांत मुंबई-ठाणें आगगाडी धांवूं लागली आणि दोनच वर्षांनीं, १८५५ सालीं, तोच कायदा हिंदुस्थानांत आला. पति, पत्नी, आईबाप व मुलें यांचें त्या मृत्यूनें जें नुकसान झालें असेल तें भरून द्यावें, असें त्यांत सांगितलें आहे. न्यायालयांनीं नुकसान याचा अर्थ मुख्यतः पैशाचें नुकसान असा लाविला. मेलेला काय कमावीत होता, त्यांतून घरच्यांस काय देत होता आणि अजून किती वर्षें देता, हा गुणाकार तेव्हांपासून चालू आहे. दुःखास त्यांत फारशी जागा नव्हती.

भाईंदरच्या मिठागरांजवळून जाणारा लोहमार्ग १८६४ सालीं मुंबईपर्यंत पोंचला. आज त्याच स्थानकाच्या आसपास हिंडणाऱ्या मनुष्यास एकाच देहाचीं निरनिराळीं मोलें आढळतात. धांवत्या लोकलमधून तिकीट असलेला उतारू अपघातानें पडून मेला, तर १९८९ च्या रेल्वे कायद्यांत १९९४ सालीं घातलेल्या कलमान्वयें, रेल्वेचा दोष सिद्ध न करतांहि, ठराविक रक्कम मिळते. ती १९९७ पासून चार लाख होती व २०१७ पासून आठ लाख झाली. हमाल असो वा पेढीवाला, आंकडा तोच. परंतु तोच उतारू स्थानकाच्या ओल्या जिन्यावर घसरला तर या कलमाचा त्यास उपयोग नाहीं; कलमांतील पडणें हें गाडींतून पडणें आहे.

स्थानकाच्या पूर्वेस स्टेनलेस स्टीलचीं भांडीं करणारे कारखाने आहेत. तेथें प्रेसखालीं हात सांपडला तर हिशेब १९२३ च्या कामगार-भरपाई कायद्याच्या कोष्टकाचा : कमावण्याच्या शक्तीचा ऱ्हास अंगठ्यास शेंकडा ३०, तर्जनीस १४, मधल्या बोटास १२, करंगळीस ७. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली, तरी कोष्टकाची पद्धत कायम आहे.

स्थानकाबाहेर पडून रस्त्यावर आलों कीं जागा महानगरपालिकेची. मुंबई उच्च न्यायालयानें २०१३ सालीं आपण होऊन हातीं घेतलेल्या खड्ड्यांच्या प्रकरणांत १३ ऑक्टोबर २०२५ रोजीं न्यायमूर्ति रेवती मोहिते-डेरे व न्यायमूर्ति संदेश पाटील यांनीं असें ठरविलें कीं, खड्ड्यामुळें किंवा उघड्या गटारामुळें मृत्यु आल्यास सहा लाख आणि इजा झाल्यास तिच्या मानानें पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत द्यावे, व ती रक्कम पुढें दोषी अधिकारी आणि कंत्राटदार यांजकडून वसूल करावी. धनी आणि गाडीवान यांची मनूनें केलेली वांटणी येथें नव्या वेषांत भेटते. आम्हांस हा निर्णय स्वागतार्ह वाटतो. मात्र गाडीच्या दारांत आठ लाखांचा असलेला मनुष्य रस्त्यावरील खड्ड्यापाशीं सहा लाखांचा कां व्हावा, याचें कारण समजत नाहीं.

आणि खासगी जिना? तेथें कोष्टकच नाहीं. साखरेच्या कारखान्यांत कामासाठीं आलेला एक गॅसवाला उघड्या विवरांत पडला, त्या १८६६ च्या इंग्रजी दाव्यांत असें ठरलें कीं, कामानिमित्त आलेल्या मनुष्यास जागेंतील अनपेक्षित धोक्यापासून जपणें हें भोगवटादाराचें कर्तव्य होय. इंग्लंडनें १९५७ सालीं यासाठीं स्वतंत्र कायदा केला. आमच्या देशांत तसा कायदा अद्याप नाहीं, न्यायालयें जुन्या तत्त्वावरच चालतात. दिल्लीच्या चांदणी चौकांतील घंटाघर १९५१ सालीं कोसळून माणसें मेलीं, त्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयानें १९६६ सालीं म्हटलें कीं, असें बांधकाम पडतें यांतच मालकाची हयगय दिसून येते. जबाबदारी अशी सिद्ध होते. मोल मात्र दर दाव्यांत नव्यानें करावें लागतें, आणि मोल करणारा फिरून फिरून मिळकतीकडेच वळतो. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहांत १३ जून १९९७ रोजीं आग लागून ५९ माणसें मेलीं. तेथील उच्च न्यायालयानें, बाल्कनीचें तिकीट काढणारा मनुष्य महिना पंधरा हजार तरी मिळवीत असेल, असें धरून प्रौढांस अठरा व लहानांस पंधरा लाख ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं तें अनुमान अमान्य करून ते अनुक्रमें दहा व साडेसात लाखांवर आणिले. तिकिटावरून माणसाचें मोल!

ज्यांना मिळकतच नाहीं त्यांचें काय, हा खरा प्रश्न जमशेदपुरास आला. ३ मार्च १९८९ रोजीं जमशेदजी टाटा यांच्या जन्मास दीडशें वर्षें झालीं म्हणून पोलादाच्या कारखान्याच्या आवारांत समारंभ होता. मांडवास आग लागली. साठ माणसें गेलीं, आणि त्यांत बायका व मुलें फार होतीं. भरपाईचा आंकडा काढण्याचें काम सर्वोच्च न्यायालयानें आपले माजी सरन्यायाधीश, पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड यांजकडे सोंपविलें. त्यांनीं गृहिणीच्या कामाचें मोल वर्षाला १२,००० रुपये धरलें. साठीपुढील स्त्रियांचें १०,०००. प्रकरण पुनः सर्वोच्च न्यायालयापुढें आलें तेव्हां, २००१ सालीं, हे आंकडे फार कमी ठरले. चौतीस ते एकोणसाठ वर्षांच्या गृहिणीसाठीं महिना तीन हजार, म्हणजे वर्षाला ३६,००० आणि वृद्ध स्त्रियांसाठीं २०,००० ठरले. स्वयंपाक, मुलांचें संगोपन, घराची व्यवस्था यांस मोल आहे, हें तेथें आंकड्यांत लिहिलें गेलें. साठी उलटतांच तें जवळजवळ निम्मे कां व्हावें, हें मात्र आम्हांस उलगडत नाहीं; आमच्या आईनें सत्तराव्या वर्षींहि आमच्या दोन मुलांचें सर्व कांहीं केलें.

पुढें ५ जानेवारी २०२१ च्या एका निर्णयांत न्यायमूर्ति रमणा यांनीं २०१९ च्या सरकारी पाहणीचा आधार घेतला. बिनमोल घरकामांत स्त्रियांचीं दिवसाला २९९ मिनिटें जातात व पुरुषांचीं ९७, असें त्या पाहणींत आढळलें होतें.

हें सर्व आम्हीं घरांत वाचून दाखविलें आणि २००१ च्या दरानें दोन महिन्यांचे सहा हजार होतात, असें सांगितलें. दावा लावावयाचा तर मागणीच्या मानानें न्यायालयाची फी भरावी लागेल, वकील पाहावा लागेल, हेंहि सांगितलें. कुटुंबानें आंकडा ऐकला आणि विचारलें, "२००१ सालीं दूध काय भावानें होतें?" आम्हांस तें आठवेना. दावा आम्हीं लाविला नाहीं. त्या जिन्याची पायरी मात्र दिवाळीपूर्वीं दुरुस्त झाली.