साष्टीतील पहाट आणि सायकलस्वार

22 जानेवारी 1962 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने 7.4 अंश सेल्सिअस इतक्या किमान तापमानाची नोंद केली, आणि त्याच दिवशी कुलाब्याच्या वेधशाळेतील पारा मात्र 11.7 अंशांपर्यंत उतरून थांबला. मुंबईच्या थंडीचा हा नीचांक अद्याप मोडला गेलेला नाही. पण मला त्या दोन आकड्यांपेक्षा त्यांच्यामधील चार अंशांच्या अंतरात अधिक स्वारस्य आहे, कारण मुंबईची म्हणून जी थंडी वर्तमानपत्रांतून मोठ्या कौतुकाने वर्णिली जाते ती वास्तविक उपनगरांची थंडी आहे, आणि शहरातील मनुष्य अंगावर चादर ओढून तिची वार्ता वाचत असता अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील काही माणसे सायकलवर बसून ती प्रत्यक्ष भोगून आलेली असत. निफाडच्या द्राक्षबागाइतदाराने या थंडीची खुशाल थट्टा करावी. तिथे दवबिंदू गोठतात, येथे ते नुसते सीटवर साचतात. परंतु ज्याला भर काळोखात सुती सदऱ्यानिशी कोस-दोन कोस पायडल मारावयाचे आहे, त्याच्या बोटांच्या पेरांना निफाडशी तुलना करण्याची फुरसत नसते.

या चार अंशांचा खुलासा भूगोलात आहे. कुलाब्याच्या तिन्ही अंगांस समुद्र, आणि समुद्र आपली ऊब रात्रभर राखून असतो; साष्टी बेटाच्या पोटात मात्र डोंगर, त्या डोंगरांत दाट झाडी, आणि झाडीत विहार, तुळशी, पवई हे तलाव. उत्तरेकडून पश्चिमी झंझावात पुढे सरकला की त्याच्यामागोमाग गार कोरडी हवा गुजरातेवरून खाली येते, आकाश निरभ्र होते, जमीन दिवसाची उष्णता रात्रीत उधळून टाकते, आणि जड झालेली गार हवा उतारावरून निथळत पूर्वेस मुलुंड-भांडुपाकडे व पश्चिमेस बोरिवली-गोरेगावाकडे येऊन साचते. सांताक्रूझचे जानेवारीतील सरासरी किमान तापमान 16-17 अंशांच्या आसपास असते. हे काही भयंकर नव्हे, पण सायकलस्वार स्वतःच्या वेगाने स्वतःसाठी वारा निर्माण करतो आणि तो वारा त्याला फुकट मिळतो.

त्यात पुन्हा मतलई आणि खाऱ्या वाऱ्यांची मखलाशी. हिवाळ्याच्या पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे, म्हणजे पूर्व-ईशान्येकडून वाहतो, आणि दुपारनंतर तो समुद्राकडून, वायव्येकडून येतो. आता अंधेरीच्या रुळांच्या पश्चिमेस राहणारा आणि पूर्वेस मरोळच्या बाजूला पहिल्या पाळीला जाणारा कामगार डोळ्यांपुढे आणा: सकाळी सातच्या पाळीसाठी तो पूर्वेकडे निघाला की गार वारा त्याच्या छातीवर, आणि साडेतीनला सुटून पश्चिमेस परतू लागला की खारा वारा पुन्हा छातीवरच! ज्याचे घर पूर्वेस आणि चाकरी पश्चिमेस, तो मात्र दोन्ही वेळा वाऱ्याच्या पाठबळावर जाई. दैव म्हणजे काय, हे उपनगरातील माणसाला वेदान्तावाचूनही कळत असे.

सायकल येथे कशी रुजली हे समजण्यासाठी आगगाडीकडे पाहावे लागते. 1853 साली बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला, 1928 साली विजेची गाडी बोरिवलीपर्यंत धावू लागली; पण गाडी स्थानकापर्यंत आणून सोडी आणि वाडी, पाखाडी, कोळीवाडा, गिरणी, गोठा ही सर्व स्थळे तेथून मैल-दीड मैलावर. 1920 साली ठाणे जिल्ह्यातून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा काढण्यात आला, तेव्हाही या प्रदेशाचे स्वरूप भातखाचरे, ताडमाडांच्या वाड्या आणि मधून गेलेले घोडबंदर व आग्रा हे दोन रस्ते असेच होते. या दोहोंखेरीजचे रस्ते पावसाळ्यात चिखलाने बुजत, वैशाखात धुळीने भरत. चाक सुखाने फिरे ते नवरात्रानंतर शिमग्यापर्यंत. म्हणून उपनगरांत सायकलीचा खरा हंगाम थंडीचा, ही गोष्ट इतिहासकारांनी नोंदली नसली तरी रस्त्याने नोंदलेली आहे. मुलुंड त्यातल्या त्यात भाग्यवान: 1922 च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुशास्त्रज्ञांनी स्थानकापासून पाचरस्त्यापर्यंत काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची आखणी करून दिल्यामुळे तेथे सायकल सरळ रेषेत चालवता येई.

गाड्या प्रथम विलायती. रॅले, बी.एस.ए., हर्क्युलस, हंबर ही नावे घरातल्या वडीलधाऱ्या माणसांच्या नावांसारखी आदराने घेतली जात, आणि अशी सायकल ज्याच्या पडवीत उभी असे तो खादीच्या फडक्याने तिची नळी पुसताना शेजाऱ्यांना हटकून दिसे. ज्याला ती परवडत नसे तो दुकानातून तासाच्या भाड्याने घेई. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वरळीत हिंद सायकल्सचा कारखाना निघाला (1980 साली तो सरकारजमा झाला), पुढे लुधियाना, सोनीपत, मद्रास, आसनसोल येथील कारखान्यांनी सायकल कामगाराच्या आटोक्यात आणली, आणि विक्रोळीस गोदरेज, पवईस लार्सन अँड टुब्रो, कुर्ल्यास प्रीमियर ऑटोमोबाइल्स, भांडुपास सिएट असे कारखाने उभे राहिल्यावर पहिल्या पाळीच्या आधीचा अर्धा तास हा सायकलींचा तास झाला.

या तासाची कथा मुख्यतः घड्याळाची कथा आहे, आणि ती जरा सविस्तर सांगितली पाहिजे. मध्य जानेवारीत मुंबईत सूर्योदय होतो तो आजच्या प्रमाणवेळेनुसार सव्वासातच्या सुमारास. पण जुना मुंबई टाइम प्रमाणवेळेच्या 39 मिनिटे मागे होता. त्या घड्याळात तोच सूर्य साडेसहा वाजून गेल्यावर उगवे, आणि सातच्या भोंग्याला जाणाऱ्याच्या वाट्याला थोडा तरी उजेड येई. 1906 च्या आरंभी सरकारने प्रमाणवेळ लादली तेव्हा जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी तिच्याविरुद्ध दंगा केला, त्याला लोकांनी अडाणीपणा म्हटले. वस्तुतः त्या मजुरांना पक्के ठाऊक होते की घड्याळ पुढे सरकले म्हणजे आपली झोप आणि आपला उजेड या दोहोंवर डल्ला पडणार. शहराच्या काही दप्तरांत मुंबई टाइम 1955 पर्यंत तग धरून राहिला, रेल्वेत मात्र प्रमाणवेळ चाले. तेव्हा घरचे घड्याळ एक सांगे आणि स्थानकाचे दुसरे. याहून विलक्षण काळ महायुद्धाचा: सप्टेंबर 1942 पासून ऑक्टोबर 1945 पर्यंत सबंध हिंदुस्थानचे घड्याळ आणखी एक तास पुढे ढकललेले होते. म्हणजे 1943 च्या जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वाआठला उगवत होता. सातच्या पाळीला निघालेल्या सायकलस्वाराच्या दृष्टीने ती मध्यरात्रच. त्यात जपान्यांनी मलाया घेतल्यामुळे रबराचा दुष्काळ, टायर मिळणे मुश्किल, ठिगळावर ठिगळ लावून ट्यूब चालवायची, आणि वर युद्धकाळातील प्रकाशनियंत्रण.

अंधारात दिव्याविना सायकल चालवणे हा गुन्हा होता आणि उन्हाळ्यात सहसा आड न येणारा हा कायदा थंडीत रोज पहाटे आडवा येई. रॉकेलच्या दिव्याला उजव्या अंगास हिरवे व डाव्या अंगास तांबडे भिंग असे. वात नीट कातरली नाही तर काच काजळे, आणि खड्ड्यात चाक आदळले की ज्योत मान टाकी. त्याहून ऐटबाज दिवा कार्बाइडचा. खालच्या डबीत कार्बाइडचे खडे, वरच्या डबीत पाणी. चावी किंचित सैल केली की थेंब थेंब पाणी खड्यांवर पडे, लसणीसारख्या उग्र वासाचा वायू सुटे, काचेमागच्या बारीक तोंडाशी काडी नेली की पांढरीशुभ्र ज्योत फुलून पुढच्या दहा-पंधरा हातांवरचे खडे मोजता येत. डबीचे पितळ तापे, आणि रस्त्यात थांबण्याचा योग आला की स्वार दोन्ही तळवे तिच्यावर धरून शेकून घेई. थंडीच्या दिवसांत हा लाभ उजेडाइतकाच मोलाचा. पुढे डायनॅमो आला. त्याचे दंतुर चाक टायरच्या अंगाला घासून वीज काढी. पण दवाने टायर ओला असला की ते चाक घसरे, दिवा मिचमिचे, पाय मात्र दुप्पट जड होत. शिवाय चाक थांबले की दिवाही विझे, आणि रेल्वेचे फाटक तर नेमके पहाटे बंद. विझल्या दिव्याचा सायकलस्वार आणि फाटकाशी उभा असलेला शिपाई यांच्यातील संवादात कायद्याचा अर्थ लावण्याचे काम बहुधा शिपायाच्या मुनसफीवर सुटे. 1949 च्या दारूबंदी कायद्यानंतर रबरी ट्यूब भरून हातभट्टीचा माल वाहून नेणारा एक वर्ग या रस्त्यांवर उदयास आला; त्याला दिव्याची अडचण वेगळ्या कारणाने होती.

वांद्रे, कुर्ला, पार्ले-अंधेरी, घाटकोपर-किरोळ या नगरपालिकांच्या हद्दी 1950 साली बृहन्मुंबईत आल्या, बोरिवली-मुलुंड 1957 साली आले. दूध, पाव आणि वर्तमानपत्र मात्र हद्द न पाहता हिंडत. 1949 मध्ये गोरेगावजवळ आरे दूध वसाहत स्थापन झाली आणि शहरातील म्हशी तिकडे हलवण्याचा उद्योग सुरू झाला. तरीही जोगेश्वरी-मालाडकडचे तबेलेवाले कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे कॅन अडकवून पहाटे निघत. थंड धातूची ती जोडी मांडीला लागू नये म्हणून मध्ये पोत्याचा तुकडा घालण्याची रीत होती. पाववाल्याचे नशीब याच्या उलट: लाकडाच्या भट्टीतून नुकत्याच निघालेल्या लाद्या तागाखाली झाकून मागे लादलेल्या, त्यांचा शेक थेट पाठीला, पुढून गारठा आणि मागून ऊब अशी विषम वाटणी घेऊन तो गल्लीगल्लीतून भोंगा वाजवी. डबेवाल्यांची गोष्ट निराळी; त्यांची सायकल नऊ-दहाला निघते, तोवर थंडी ओसरलेली असते.

पोशाख म्हणाल तर कानटोपी आणि मफलर. सदऱ्याच्या आत छातीशी जुन्या वर्तमानपत्राची घडी सरकवण्याची युक्ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी, कारण कागद वारा अडवतो. पेपरवाल्यांना तर ती जिन्नस आयतीच हाताशी. हातमोजे मी फारसे कोणाच्या हातात पाहिले नाहीत, बाह्याच ओढून पंज्यांवर घेतलेल्या असत.

15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईतील एका व्यायाम मंडळाचे सहा पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे 1928 साली ती पुरी करून परतले. त्यांच्या प्रवासाचे पुस्तक 1931 साली निघाले, आणि ते निघाले हे योग्यच झाले. मुलुंडच्या पाववाल्याने मात्र रोजनिशी ठेवली नाही. त्याच्या रोजच्या पहाटफेऱ्या एकापुढे एक मांडल्या तर तीही काही लहान प्रदक्षिणा होणार नाही.

आता कारखाने बरेच बंद पडले, त्यांच्या जागी मनोरे आले, आणि सायकलसाठी मार्ग आखण्याची भाषा सरकारदरबारी सुरू झाली. पवई तलावाकाठचा नियोजित सायकलमार्ग 2022 च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने बेकायदेशीर ठरवला. डिसेंबर-जानेवारीच्या रविवारी आरेच्या रस्त्यावर, घोडबंदराकडे, पहाटे पाचला टोळकी निघतात. त्यांच्या अंगावर वारा अडवणारे जाकीट, हातांत मोजे, पुढे पांढरा व मागे लुकलुकता तांबडा दिवा असा सरंजाम असतो, आणि थंडीसाठीच ती माणसे बाहेर पडलेली असतात. त्यांच्या शेजारून, कधी त्यांच्याही पुढे, लाद्यांचा ढीग लादलेला पाववाला जातो. त्याच्या सायकलीला दिवा नसतो, रस्त्यावरच्या दिव्यांवर त्याचे भागते, आणि त्याबद्दल त्याला अडवणारा शिपाईही आता फाटकाशी उभा नसतो, कारण बहुतेक ठिकाणी फाटकच उरलेले नाही.