गिरणीतली बाळंतीण आणि आठ आण्यांचा कायदा

१९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरणगावात बाळगोळी नावाची एक गोळी मिळायची. तिच्यात अफू असे. गिरणीचा भोंगा होण्याआधी आई ती तान्ह्या बाळाला चाटवायची, आणि बाळ गुंगीत पडून राहायचं. कुणी ते चाळीतल्या म्हातारीजवळ ठेवी, कुणी सहा-सात वर्षांच्या थोरल्या बहिणीजवळ. कुणी सरळ गिरणीतच नेई. मग यंत्रांच्या घरघरीत आणि कापसाच्या फुफाट्यात ते आईच्या पायाशी निजून राही.

या बायांना निर्दयी म्हणणारे लोक तेव्हाही होते. त्यांनी या बायांच्या दिवसाचा हिशोब कधी मांडून पाहिला नाही. त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक जणी सूत गुंडाळण्याच्या आणि रिळं भरण्याच्या खात्यांत असत. दिवस दहा तासांचा. मजुरी जेवढं काम तेवढी. बाया कामावर घ्यायच्या की नाहीत, हे नाईकीण, म्हणजे खात्यावरची मुकादम बाई ठरवायची, आणि अनेकदा तिला दस्तुरी, म्हणजे लाच दिल्याशिवाय जागा मिळत नसे. बाळंतपणासाठी घरी बसलं की मजुरी बंद, आणि परत येईपर्यंत जागाही दुसरीने धरलेली. घरात सव्वा महिना विटाळ पाळायची रीत होती, पण तेवढे दिवस चूल कशावर पेटायची? म्हणून कित्येक जणी दिवस भरेपर्यंत खात्यात उभ्या असत आणि अंगात पुरतं बळ येण्याआधीच परत येत.

ही स्थिती सरकारी कागदावर आली ती वॉशिंग्टनमुळे. १९१९ साली तिथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेची पहिली बैठक भरली आणि बाळंतपणाबाबतचा करार झाला. प्रसूतीआधी सहा आठवडे काम सोडण्याचा हक्क, प्रसूतीनंतर सहा आठवडे काम करण्यास बंदी आणि या काळात आई-बाळाच्या पोटापुरती रक्कम, असं त्यात होतं. ही रक्कम सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून द्यावी, असंही त्यात स्पष्ट लिहिलं होतं. हे कलम वाचकाने लक्षात ठेवावं, कारण पुढच्या शंभर वर्षांचं भांडण त्याच्यावरूनच आहे. हिंदुस्थान सरकारने करार मान्य केला नाही. आधी माहिती गोळा करू, एवढंच ठरलं.

ती माहिती गोळा करण्यासाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरची नेमणूक केली. त्यांनी गिरण्या पाहिल्या, चाळी पाहिल्या आणि १९२२ मध्ये त्यांचा अहवाल सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये छापून आला. कामकरी बायांच्या शंभरातल्या नव्वदहून अधिक बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. १९२१ साली शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सहाशेहून जास्त बालमृत्यू होते. या आकड्यात थोडी गफलत आहे. रत्नागिरी-साताऱ्याच्या बाया बाळंतपणाला गावी जात, त्यामुळे जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची मुंबईत व्हायची. पण गफलत वजा केली तरी उरतो तो आकडा भयंकरच आहे, आणि एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत तो सर्वांत वाईट होता. परळला १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं ते याच वस्तीसाठी. पैसा गिरणीमालक घराण्याचा होता. बाळंतिणीला खाट मिळाली, मजुरी मात्र अजून मिळायची होती.

कामगार नेते ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती भत्त्याचं विधेयक आणलं. सरकारने विरोध केला आणि ते पडलं. मग प्रश्न मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात आला. १९२८ च्या जुलैमध्ये सभासद आसवले यांच्या प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर पाठिंब्यासाठी उभे राहिले. आईला प्रसूतीच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, असं त्यांनी मांडलं. हा भार मुख्यत्वे सरकारने उचलायला हवा, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं. मात्र बायांना कामावर ठेवण्यात मालकाचाही फायदा असतो, म्हणून तूर्त त्याने तो सोसण्यात अन्याय नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. या विषयावर सभागृहात यापेक्षा नेमकं भाषण पुढेही फार झालं नसावं.

१९२९ साली मुंबईचा प्रसूती लाभ कायदा झाला. देशातला तो पहिला. प्रसूतीच्या आगेमागे काही आठवडे, दिवसाला आठ आणे. रक्कम छोटी होती. पण बाळंत झालेल्या कामगार बाईला घरी बसून पैसे मिळणं या देशात तोवर फक्त एखाद्या मालकाच्या मर्जीवर होतं, आणि आता तो हक्क झाला.

खर्च मात्र संपूर्ण मालकावर आला. ठरावीक महिने सलग नोकरी झाली असेल तरच भत्ता, अशी अट होती. गैरहजर कामगाराच्या जागी, बदलीवर काम करणारीची सलग नोकरी कुठून होणार? पोट दिसू लागलं की काढून टाकायचं आणि तरुण लग्न झालेल्या बाया घ्यायच्याच नाहीत, या तक्रारी लवकरच सुरू झाल्या. त्याच सुमारास गिरण्यांत कमी माणसांत जास्त काम उरकण्याची योजना आली, आणि बायांना रात्रपाळीला बंदी असल्याने पाळ्या वाढल्या तशी मालकांना पुरुषच सोयीचे वाटू लागले. संपांमध्ये उषाताई डांगे, पार्वतीबाई भोर या कामगार नेत्यांच्या मागे हजारो बाया उभ्या राहिल्या, तरी खात्यांतली त्यांची संख्या घसरतच गेली. पन्नासेक वर्षांत पाचातली एक हे प्रमाण शंभरात एकेरी आकड्यावर आलं. एकट्या प्रसूती कायद्याला याचा दोष देणं चूक ठरेल. पण बाई महाग पडते, ही समजूत तेव्हा पक्की झाली, आणि गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती आल्या तरी ती तिथून हललेली नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं, आणि १९७६ मध्ये ही मर्यादा तीसवर आली. १९६१ साली साऱ्या देशासाठी बारा आठवड्यांच्या रजेचा कायदा झाला. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुट्टी आणि रजेच्या काळात कामावरून काढण्यास मनाई, ही कलमंही त्यात होती.

तरी शिकलेल्या, पगारदार बाईला कोर्टाची पायरी चढावीच लागली. एअर इंडियाच्या नियमानुसार पहिलं गर्भारपण आलं की हवाई सुंदरीची नोकरी संपायची. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटल्यात १९८१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. दहा वर्षांनी आयुर्विमा महामंडळाचं प्रकरण आलं. नोकरीच्या अर्जात बाईला पाळीच्या आणि गर्भारपणाच्या तारखा विचारल्या होत्या, आणि प्रसूती रजेनंतर तिला काढून टाकलं होतं. न्यायालयाने तिला परत घ्यायला लावलं आणि असले रकाने अर्जातून काढायला सांगितलं.

नोकरी टिकली तरी कामावर बाळाला पाजायचं कुठे, हा प्रश्न उरतोच. महाराष्ट्रात एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिला हिरकणी कक्ष म्हणतात. बाळासाठी रायगडाचा कडा उतरणारी आख्यायिकेतली हिरकणी गवळण दूध विकायला गडावर आली होती, म्हणजे तीही कामावरची आई होती. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या आणि विधानभवनात तशी खोली करावी लागली. पुढच्या अधिवेशनात मुंबईत तशाच खोलीतल्या धुळीबद्दल त्यांना तक्रार करावी लागली. कायदे जिथे होतात तिथली ही अवस्था आहे.

२०१७ पासून रजा सव्वीस आठवडे झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झालं. कर्मचारी म्हणजे बाया आणि पुरुष दोन्ही धरून, हा बदल फार मोलाचा आहे, कारण बाया कमी ठेवून तो चुकवता येत नाही. पण पगाराचा भार? कर्मचारी राज्य विमा योजनेत बसणाऱ्या बाईला तो विम्याच्या निधीतून मिळतो. महिन्याला एकवीस हजारांहून जास्त मिळवणारीचा पूर्ण पगार आजही एकट्या मालकाने द्यायचा आहे. बापाच्या रजेचा तर खासगी क्षेत्रासाठी कायदाच नाही. केंद्र सरकारी नोकराला ती पंधरा दिवस मिळते.

वॉशिंग्टनच्या कराराने १९१९ मध्ये सांगितलेली आणि बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मान्य केलेली गोष्ट करायची राहून गेली आहे. प्रसूतीचा खर्च साऱ्या समाजाच्या तिजोरीतून व्हायला हवा. तो होईपर्यंत मुलाखतीत बाईला ‘लग्न झालंय का, मुलं किती’ हे विचारलं जातच राहील. तोवर हातातला कायदा तरी वापरायला हवा. आपल्या कार्यालयात पन्नास माणसं असतील तर पाळणाघर कुठे आहे ते वरिष्ठांना लेखी विचारा, आणि हे पत्र पुरुष सहकाऱ्यांनीही सही करून द्यावं.