खेकडा, भाता आणि दादाचं विमान

आमच्या घराण्यात विमान कुणी चालवलेलं नाही. एक मामा एस.टी.त कंडक्टर होते, एवढीच काय ती वाहतुकीतली परंपरा. तरीही गेल्या पावसाळ्यात सलग सतरा दिवस मी रोज दुपारी जेवणानंतर विमान घेऊन निघत होतो आणि रोज एका झाडावर आपटत होतो. हे झाड जुहूच्या धावपट्टीच्या ऐन मधोमध उभं होतं. खऱ्या जुहूला तिथं झाड नाही. ते मीच लावलेलं. म्हणजे लावायचं म्हणून लावलं नव्हतं. पण घरच्या संगणकात विमानाचा खेळ असतो, त्याला वरून जोडायची विमानं, विमानतळं, डोंगर, ढग असली भर मिळते, आणि फुकट मिळाली की ती न घेण्याइतका मनोनिग्रह माझ्यापाशी नाही. दोन निरनिराळ्या हौशी माणसांनी बनवलेले दोन जुहू मी एकावर एक बसवले. धावपट्टी एकाची उमटली, झाडी दुसऱ्याची.

आता त्र्याहत्तराव्या वर्षी हा उद्योग कशाला, असं तुम्ही विचाराल. आमच्या हिनंही विचारलं. कारण दादा. दादा माझ्याहून दहा वर्षांनी मोठा. लहानपणी पार्ल्याहून चालत जुहूला जाऊन तो तारेच्या कुंपणाला नाक लावून विमानं बघत उभा राहायचा. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या पिशव्या घेऊन अहमदाबादमार्गे इथंच उतरले, ही हकिगत त्यानं मला इतक्यांदा सांगितली आहे की ते पस मॉथ विमान उतरताना मीही तिथं हजर होतो असं मला अधूनमधून वाटतं. 1961 साली दादा हवाई दलाच्या तपासणीला गेला आणि चष्म्याच्या नंबरावरून परत आला. त्यानंतर पस्तीस वर्षं त्यानं विमा कंपनीत इतरांच्या मोटारींच्या अपघातांचे कागद तपासले. आता हाताला कंपवात आहे. जे काय उडवायचं ते लवकर, हे आम्ही दोघेही जाणून होतो आणि दोघेही बोलत नव्हतो.

झाडाशी झगडताना मी या दुखण्याचा इतिहास वाचून काढला. आपल्यासारखे भोगणारे पूर्वी होऊन गेलेत एवढं कळलं तरी बरं वाटतं. जमिनीवर बसून उडायची हौस विमानाच्या जन्मानंतर पाचसहा वर्षांतच सुरू झाली. 1910 च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत विमानाच्या शिकाऊ चालकांना अर्ध्या कापलेल्या पिंपात बसवत आणि भोवतीची माणसं ते पिंप हातानं डुलवत. शिकाऊनं दांडे हलवून पिंप सरळ करायचं. पाळण्यातल्या बारशापेक्षा यात फारसा फरक नाही. फक्त कानात नाव सांगणारी आत्या नव्हती.

खरा आद्यपुरुष मात्र एडविन लिंक. न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला याच्या वडिलांचा कारखाना होता, आणि तो पियानो-ऑर्गनचा. 1920 मध्ये एडविननं विमानाचा पहिला धडा घेतला. त्याचे पन्नास डॉलर पडले आणि त्या तासाभरात त्याला दांड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. पुढे या गड्यानं कारखान्यातले ऑर्गनचे भाते उचलले, त्यांवर एक आखूड लाकडी विमान ठेवलं आणि भात्यांत हवा भरून व काढून ते डावं-उजवं, वर-खाली झुलवलं. 1929 मध्ये यंत्र तयार झालं. म्हणजे आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीचं आणि या विमानविद्येचं कूळ एकच. मला हे वाचून मोठा धीर आला. पेटी मी तीन वर्षं शिकलोय.

पण घेणार कोण? काही यंत्रं जत्रेतल्या करमणुकीच्या बागांत गेली. मग 1934 च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं हवाई टपाल लष्कराकडे सोपवलं. धुक्यात, बर्फात, नुसत्या उपकरणांवर भिस्त ठेवून उडायची सवय नसलेले तरुण वैमानिक. काही आठवड्यांत डझनभर जिवानिशी गेले. लिंकशी बोलणी करायला लष्करी अधिकारी नेवार्कला जमले त्या दिवशी इतकं धुकं होतं की हा गृहस्थ काही येत नाही म्हणून ते उठायच्या बेतात होते. तेवढ्यात त्या धुक्यातून लिंक विमान उतरवून हजर. याहून चांगली जाहिरात मी ऐकलेली नाही. लष्करानं साडेतीन हजार डॉलरला एक अशी सहा यंत्रं घेतली. दुसऱ्या महायुद्धात दहा हजारांवर बनली आणि लाखो वैमानिक या निळ्या खोक्यात शिकले. वर झाकण लावलं की आत काळोख, समोर फक्त काटे. बाहेर शिक्षकाच्या टेबलावर तीन चाकांचं एक चिमुकलं यंत्र नकाशावर शाईनं रेघ ओढत चाले, विद्यार्थी कुठं भरकटला त्याची. त्याला म्हणत खेकडा! माझ्या सतरा दिवसांची रेघ त्या खेकड्यानं ओढली असती तर बिचारा त्या झाडाशीच गोल गोल फिरून मेला असता.

विमान घरात आलं ते ब्रूस आर्टविकमुळे. इलिनॉय विद्यापीठात त्यानं 1975 मध्ये प्रबंध लिहिला, संगणकाच्या पडद्यावर उड्डाण दाखवता येतं असा. दशक संपता संपता ॲपल टू या छोट्या संगणकासाठी त्याचा खेळ आला: चार रेघा म्हणजे जमीन, दोन तिरक्या रेघा म्हणजे डोंगर. 1982 मध्ये मायक्रोसॉफ्टनं तो आय.बी.एम.च्या संगणकासाठी काढला. दुसऱ्या कंपनीचा संगणक खरोखर आय.बी.एम.सारखाच चालतो का हे बघायला लोक त्यावर हाच खेळ लावून बघत! पुढे निरनिराळ्या प्रदेशांच्या दृश्यांच्या तबकड्या वेगळ्या विकत मिळू लागल्या आणि भर घालायचा हा नाद तिथून लागला.

या खेळात वर्षानुवर्षं विमान सुटायचं ते शिकागोच्या मेग्ज फील्डवरून, तळ्याकाठच्या एका लहानशा धावपट्टीवरून. जगभरच्या हजारो लोकांनी शिकागो न बघता तिथून उड्डाण केलंय. 30 मार्च 2003 च्या रात्री महापौरांनी बुलडोझर पाठवून त्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. विमानतळ संपला. खेळाच्या पुढच्या एका आवृत्तीतूनही तो गेला, तेव्हा हौशी मंडळींनी घरी बसून तो पुन्हा बांधला आणि आपापल्या संगणकात बसवला. हे वाचल्यावर माझा या झाडवाल्यावरचा राग बराच उतरला.

तर जुहू. दादाच्या नातवानं कानमंत्र दिला, "छोटे आजोबा, सगळं काढा आणि अर्धं अर्धं परत घाला." लग्नात पोटं बिघडली की कुणी काय खाल्लं ते विचारत जातात तसं. माझ्याकडे त्रेचाळीस वस्तू निघाल्या. खेळ मधूनच मान टाकत होता त्याचा अपराधी सहाव्या फेरीत सापडला: समुद्रपक्ष्यांचा एक थवा. झाडाला हा उपाय चालेना, कारण दोन जुहू वेगळ्या अर्ध्यात गेले की दोन्हीकडे सारं आलबेल! शेवटी एक जुहू साफ काढून टाकला. झाड गेलं. पण उरलेला जुहू जमिनीच्या दुसऱ्याच उंचीच्या हिशेबानं बनवलेला, त्यामुळे उभ्या विमानाची चाकं गुडघाभर खाली रुतलेली. ते मला आजतागायत जमलेलं नाही.

खरं काम दांड्याचं होतं. दादाचा हात थरथरला की विमान थरथरायचं, आणि विमान थरथरलं की दादाचा हात जास्त. मग मी दांड्याच्या मध्यावर एक मोकळा पट्टा ठेवला, ज्यात हात कितीही हलला तरी विमानाला ऐकू जात नाही. त्यापुढेही सुरुवातीला दांड्याचा परिणाम अगदी हळू आणि टोकाला जास्त, अशी वळणदार रेघ लावली. पट्टा फार ठेवला तर विमान वळेचना. कमी ठेवला तर पुन्हा पोहे चाळल्यासारखं. चार दिवस मी स्वतः हात मुद्दाम थरथरवत उडवत होतो. हिला वाटलं, मलाही झालं.

रविवारी दादा आला. विमानाच्या शेपटीवर मी त्याची आद्याक्षरं रंगवली होती, त्याकडे त्यानं बघून न बघितल्यासारखं केलं. चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली. समुद्रावरून एक लांब वळण घेतलं. हात थरथरत होता, विमान नव्हतं. वहिनी दारात उभी होती. जुहूची धावपट्टी समोर आली, चाकं टेकली आणि विमान सवयीप्रमाणे गुडघाभर खाली गेलं.

"दादा, ते जरा रुततं," मी म्हटलं.

"उतरलो ना?" दादा म्हणाला. "मग खोलीची चौकशी कशाला करतोस?" आणि वहिनीकडे न बघता म्हणाला, "चहा ठेव. मी तोवर अहमदाबादला जाऊन येतो."